संतोषच्या नावची परीक्षा

हिंगोलीच्या बसस्टँडमागच्या गल्लीत संतोष राठोडचा कॉम्प्युटर क्लास होता. पुढच्या खोलीत आठ कॉम्प्युटर आणि मागच्या दोन खोल्यांत संसार. शाळामास्तर, ग्रामसेवक, तलाठी अशी गावोगावची मोठी माणसं एमएस-सीआयटीच्या सर्टिफिकेटसाठी तिथं यायची आणि माऊस चावेल की काय अशा बेतानं त्याच्यावर हात ठेवायची. संतोष त्यांना हसत हसत शिकवायचा, त्यामुळे क्लास बरा चालायचा. २००९च्या जानेवारीत, संक्रांतीनंतर, वसमतहून परत येताना त्याची मोटारसायकल उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळली. ट्रॉलीला लाल दिवा नव्हता. उसाच्या हंगामात दरवर्षी कुणाचं तरी असं होतं, त्या वर्षी संतोषचं झालं. तो एकतीस वर्षांचा होता.

त्याची बायको निता तेव्हापासून एकदाही रडली नव्हती. हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावच्या अलीकडे त्यांचा बंजारा तांडा आहे, तिथं तेरावं होईपर्यंत ती कोपऱ्यात बसून राहिली. बाया यायच्या, गळ्यात पडायच्या, आणि निता आपली भिंतीकडे बघत बसायची. धक्का बसला म्हणून सुरुवातीला सगळ्यांनी समजून घेतलं. मग कुजबुज सुरू झाली. कुजबुज तिच्या कानावर आली, पण तिचंही तिला काही वाटलं नाही. भाकरी दिली की खायची, अंथरूण दिसलं की पडायचं. आपल्याला दुःख झालंय हे तिला माहीत होतं, जसं आपलं वय माहीत असतं. पण माहीत असणं निराळं आणि वाटणं निराळं.

तेरावं झाल्यावर ती हिंगोलीला परतली, आणि तिच्याबरोबर सासरा हिरासिंगही पिशवी घेऊन आला. हिरासिंग एसटीत ड्रायव्हर होता, दोन वर्षांपूर्वी रिटायर झालेला. बायको आधीच गेलेली, पोरगा एकुलता एक. आता या दोघांची अडचण अशी की सून आणि सासरा एकमेकांशी बोलत नसत. भांडण वगैरे काही नव्हतं, ती त्यांच्यातली रीतच होती. सुनेनं सासऱ्यापुढे पदर ओढायचा, तोंड द्यायचं नाही, काही सांगायचं तर तिसऱ्याच्या तोंडून. इतकी वर्षं तो तिसरा संतोष होता. 'बापूंना विचारा चहा घेणार का' असं निता संतोषला म्हणायची, आणि हिरासिंग संतोषलाच 'घेतो' म्हणून सांगायचा. आता चहा विचारायलाही मध्ये कुणी उरलं नव्हतं. पहिले आठ दिवस दोघं भांड्यांच्या आवाजावरच भागवत होते.

नवव्या दिवशी हिरासिंग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बोलला. घरात ते आपल्या गोरमाटी बोलीतच बोलत, पण ती सगळ्या वाचकांना कळायची नाही, म्हणून इथे मराठीत सांगतो.

"संतोषची ती परीक्षा कधी हाय?"

निता पदराआडून म्हणाली, "होळीच्या दुसऱ्या दिवशी."

"तू बस परीक्षेला."

"नाव त्यांचं हाय, बापू."

"नाव त्याचंच राहू दे."

परीक्षेला डमी बसवल्याच्या बातम्या पेपरात अधूनमधून येतात, पण तिथं ज्याच्या नावावर परीक्षा असते तो निदान जिवंत असतो. हे मागणं ऐकून दुसऱ्या कुणाचंही काळीज हललं असतं. निता कणीक मळत राहिली.

ही परीक्षा काय होती, तेही सांगायला हवं. आपल्या कॉम्प्युटरमध्ये चोर कुठून शिरेल हे तपासायला मोठ्या कंपन्या माणसं नेमतात. त्या माणसानं लेखी परवानगी घ्यायची, चोराच्याच वाटेनं आत जायचं, काही न चोरता बाहेर यायचं आणि कुठलं दार उघडं सापडलं ते लिहून द्यायचं. या कामाला पेनिट्रेशन टेस्टिंग म्हणतात. परदेशातली एक संस्था त्याची परीक्षा घ्यायची. तिच्यात प्रश्नपत्रिका नव्हती आणि चार पर्यायही नव्हते. इंटरनेटवरून पाच अनोळखी कॉम्प्युटर समोर ठेवायचे आणि चोवीस तास द्यायचे. प्रत्येकाच्या अगदी आतल्या कप्प्यात एका फाईलमध्ये आकडे-अक्षरांची एक ओळ दडवलेली असे. ती आणली की तो कॉम्प्युटर सर झाला. पाचातले चार व्हायला हवेत. मग पुढच्या चोवीस तासांत, कसं केलं त्याचा इंग्रजीत रिपोर्ट लिहून पाठवायचा. तेव्हा ही परीक्षा घरी बसूनच द्यायची होती आणि समोर पहारेकरी कुणी नव्हता. माणसाच्या शब्दावर सगळा कारभार.

संतोष ती दोनदा नापास झाला होता. पहिल्या खेपेला दोन कॉम्प्युटर झाले, दुसऱ्या खेपेला तीन. तिसऱ्या खेपेची तारीख त्यानं डिसेंबरातच घेऊन ठेवली होती.

"पोरगं बारावीला एकदा नापास झालं," हिरासिंग कॅलेंडरलाच सांगत होता. "नांदेडला इंजिनेरिंगला घातलं, तिथून परत आलं. मंग हे. तांड्यात त्याला नापास म्हूनच हाक मारायचे, तुला म्हाईत हाय. डेपोत म्या सगळ्यायला सांगून ठिवलं व्हतं, होळीच्या दुसऱ्या दिवशी माझं पोरगं पास होनार म्हून. ते नापासच गेलं असं नगं, बाई. तेवढं एक नगं." मग त्यानं विचारलं, "तुला येतं का पन ते?"

"येतं," निता म्हणाली.

तिनं हे मोठेपणानं सांगितलं नाही आणि लाजूनही सांगितलं नाही. खरं तेवढं सांगितलं. निताचं माहेर पुसदकडचं, शिक्षण बीसीए. संतोष रात्रंदिवस सराव करायचा तेव्हा ती मागं स्टुलावर वही घेऊन बसलेली असायची. संतोष घाईचा माणूस. दार दिसलं की धडक मारायची, उघडलं नाही की दुसरं, मग तिसरं. तासाभरानं पहिल्या दारावर आपण काय केलं होतं हे त्याचं त्यालाच आठवत नसे. मग मान वळवून विचारायचा, "मॅडम, काय लिहिलंय?" आणि निता वहीतून सांगायची. बऱ्याचदा उत्तर त्या वहीतच असायचं. 'माझं निम्मं डोकं स्टुलावर बसतं' असं तो क्लासमधल्या ग्रामसेवकांना अभिमानानं सांगायचा. बापाला मात्र त्यानं हे कधी सांगितलं नव्हतं, आणि बापानं विचारलंही नव्हतं.

म्हणून निता 'बरं' म्हणाली. तिला नाही म्हणायला काही कारण सापडलं नाही. होय म्हणायलाही नव्हतं, पण हिरासिंगला ते हवं होतं आणि तिला कशातच काही नको होतं. मग त्याचंच होऊ दे.

ती स्टुलावरून खुर्चीवर आली. सरावासाठी त्या संस्थेनं वेगळे पन्नासेक कॉम्प्युटर दिले होते. निता सकाळी आठला बसायची आणि हिरासिंगनं पुढे ताट ठेवलं की उठायची. तिचं या कामाशी चांगलं जमलं. दुसऱ्याच्या घराभोवती शांतपणे चक्कर मारायची, कुठली खिडकी ढिली आहे ते बघायचं, वहीत लिहायचं, पुढे जायचं. तिथं भावना कामाच्या नसतात आणि तिच्याकडे त्या नव्हत्याच. एखादा कॉम्प्युटर उघडला तर तिला आनंद होत नसे, चार दिवस झुंजून उघडला नाही तरी वैताग येत नसे. संतोष असा एखादा उघडला की खुर्चीवरून उडी मारून गल्लीत जायचा आणि पानवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगून यायचा. निता पुढचं पान उलटायची.

हिरासिंगनं बाकीचं सगळं अंगावर घेतलं. क्लास होळीपर्यंत बंद असल्याची पाटी लावली. पिठलं-भाकरी त्याला एसटीच्या मुक्कामी ड्युट्यांमुळे येतच होती. लोडशेडिंगचं वेळापत्रक पेपरातून कापून त्यानं दारावर चिकटवलं: सकाळचे तीन तास, संध्याकाळचे साडेतीन. इन्व्हर्टरच्या दोन्ही बॅटऱ्यांत स्वतः पाणी घातलं, वायरी घासून पुसून घट्ट केल्या, टेलिफोनची वायर खांबापासून घरापर्यंत तीनदा तपासली. परीक्षेच्या दिवशी पोस्टमन जरी आला तरी त्याला कोपऱ्यावरच गाठायचा, इथपर्यंत त्यानं ठरवलं होतं. अशा माणसाला फक्त एक गोष्ट आठवली नाही, आणि ती त्याच्या सख्ख्या बहिणीची होती.

घरात माणूस गेलं की त्यानंतरचा पहिला सण दुखवट्याचा. त्या सणाला भावकीतल्या बाया येतात, घरच्या बाईला जवळ घेऊन रडतात, मग तिला नवी साडी नेसवतात, गुलालाचं बोट लावतात. त्याशिवाय त्या घरात गोड शिजत नाही. तांड्यात होळी म्हणजे वर्षाचा मोठा, दोन दिवसांचा सण, आणि संतोषनंतरचा पहिला सण तीच होती. हिरासिंग धरून चालला की आपलं तांड्यातलं घर कुलूपबंद आहे, म्हणजे बाया काही येणार नाहीत. कुलूप बघून त्या परत जातील, असं त्याला वाटलं. हे फक्त पुरुषालाच वाटू शकतं.

परीक्षेच्या दिवशी, म्हणजे धुळवडीला, सकाळी साडेदहाला संस्थेची मेल आली आणि निता बसली. पहिला कॉम्प्युटर सव्वा तासात झाला. दुसऱ्याला जेवणाची वेळ टळून गेली. तिसरा अडीचच्या सुमाराला झाला. संतोष इथवरच पोचला होता. तिनं तीन ओळी वहीत नीट उतरवल्या आणि चौथ्याकडे वळली.

चौथा काही दाद देईना. दुसऱ्या कॉम्प्युटरच्या पोटात तिला एका माणसाचं नाव आणि त्याचा पासवर्ड सापडला होता. चौथ्याच्या दारात तिनं ते नाव दिलं, तो पासवर्ड दिला. आत घेईना. मोठी अक्षरं करून बघितली, मागं-पुढं आकडे लावून बघितले. मग ते सोडलं आणि इतर वाटा एकेक करून चाचपल्या, सगळ्या बंद. पाचवा तर त्याहून अवघड दिसत होता. निताला घाई नव्हती आणि भीतीही नव्हती. नाही झालं तर नाही होणार, एवढंच तिच्या मनात आलं, आणि तेही दूरच्या रेडिओवर कुणी बोलावं तसं.

चारला गल्लीत जीप थांबली. नीलाबाई, म्हणजे हिरासिंगची थोरली बहीण, सात बाया घेऊन उतरली. तांड्यात कुलूप बघून तिनं जीपच हिंगोलीकडे वळवली होती.

"आता नगं, नीलाबाई," हिरासिंग दारात आडवा झाला. "ती कामात हाय."

"आज कसलं काम? दुखवट्याच्या सणाला सून दार लावून बसती व्हय?"

मेलेल्या पोराच्या नावानं सून आत परीक्षा देऊन राहिली, हे आठ बायांना सांगायचं कसं? सांगितलं की तासाभरात ते गोरेगावपर्यंत जाणार. हिरासिंग दारातून बाजूला झाला. आयुष्यभर घाटातून गाड्या काढलेला माणूस, पण बहिणीपुढे त्याची गाडी कधीच पुढे सरकली नव्हती.

निता आवाज ऐकून स्वतःच बाहेर आली. घड्याळ चालूच राहणार होतं, हे तिला माहीत होतं. ती जमिनीवर बसली, नीलाबाईनं तिचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं आणि सुरू केलं.

हे रडणं सुरात असतं. चाल ठरलेली असते आणि शब्दही जवळजवळ ठरलेले. एक बाई उचलते, बाकीच्या धरतात. तू कुठली वाट धरलीस, तुझी जागा मोकळी, तुझं दार मोकळं, तुझ्या माणसांना पाणी कोण देईल. नीलाबाई मनापासून रडत होती. संतोष तिच्या अंगाखांद्यावर वाढलेला होता. दुसरी बाई आली, मग तिसरी. निताचा खांदा ओला झाला. ती ऐकत होती, आणि ऐकता ऐकता तिच्या लक्षात आलं की सासू गेली तेव्हा नीलाबाईनं हेच म्हटलं होतं. अगदी हेच, याच चालीवर. चाल तीच होती, शब्दही तेच होते. तेव्हा सासूचं नाव होतं, आता संतोषचं. नाव तेवढं बदललं होतं.

तिथंच तिला चौथा कॉम्प्युटर कळला.

पासवर्ड बरोबरच असेल. नाव दुसरं असेल. माणसं पासवर्डाच्या बाबतीत आळशी असतात, एका कचेरीत सगळे मिळून एकच ठेवतात. त्या कॉम्प्युटरच्या पहिल्या पानावर कचेरीतल्या लोकांची यादी होती, ती तिनं दुपारीच वहीत उतरवून घेतली होती. नवऱ्याच्या नावानं आठ बाया रडत असताना निता मनातल्या मनात त्या यादीतली नावं एकापुढे एक लावत होती. तेव्हा तिला त्याची लाजही वाटली नाही.

ती उठली मात्र नाही. नवी साडी अंगावर आली, कपाळाला गुलालाचं बोट लागलं, सगळ्यांचा चहा झाला, मगच नीलाबाई जीपमध्ये चढली. जाताना ती भावाला म्हणाली, "हिच्या डोळ्याला पानी न्हाई रे अजून. दगड झाली लेक." हिरासिंगनं मान डोलावली. पावणेसहाला निता पुन्हा खुर्चीत बसली. तिसऱ्या नावाला दार उघडलं.

सहाला लाईट गेली. पुढचं काम बॅटरीवर झालं. आत शिरणं वेगळं आणि अगदी आतल्या कप्प्याची किल्ली मिळवणं वेगळं. त्याला अडीच तास लागले. साडेआठला चौथी ओळ वहीत आली. हिरासिंग दाराशी उकिडवा बसला होता.

"झालं का?"

"झालं. एका नावानं उघडत नव्हतं. दुसरं नाव लावलं, पासवर्ड तोच."

पाचव्या कॉम्प्युटरकडे तिनं पाहिलं नाही. चार पुरे होते. दुसऱ्या दिवशी तिनं बेचाळीस पानांचा रिपोर्ट लिहिला. पहिल्या पानावर एक वाक्य होतं: हे काम मी स्वतः, कुणाच्याही मदतीशिवाय केलं आहे. त्याखाली तिनं संतोष हिरासिंग राठोड असं टाईप केलं. बोटांनी ते बिनबोभाट केलं.

चौथ्या दिवशी मेल आली. संतोष पास झाला होता. सर्टिफिकेटवर नाव कसं छापायचं आणि ते कुठल्या पत्त्यावर पाठवायचं, तेवढं कळवा, असं संस्थेनं लिहिलं होतं. निताला काहीच वाटलं नाही. तिनं पदर सारखा केला आणि हिरासिंगला मेल आपल्या बोलीत वाचून दाखवली.

हिरासिंग खाली बसला. मग तो हसला, मग त्याचे डोळे गळायला लागले, आणि मग उठून चप्पल शोधायला लागला. अर्ध्या तासात पेढ्यांचा पुडा घेऊन तो डेपोत पोचला होता.

संध्याकाळी परत आला तो दुसराच माणूस होऊन. पोरगा गेल्यापासून त्याचा आवाज बसल्यासारखा होता, तो मोकळा झाला होता. निता चुलीशी होती आणि तो दाराशी बसून सांगत होता.

"म्या सांगितलं, परीक्षा पोरानं जायच्या आधीच देल्ली व्हती, निकाल आता लागला. भावसिंग कंडक्टर म्हनला, हिरासिंग, तुझं पोरगं वाघ निघालं. सगळे गोळा झाले. मंग म्या त्यायला चौथ्या कंप्युटरचं सांगितलं. चार-पाच घंटे उघडंना. दुसऱ्यानं सोडून देल्लं असतं. पन माझ्या पोरानं डोकं लावलं. म्हनला, एका नावानं उघडत न्हाई तर दुसरं नाव लावून बघू. अन् उघडलं. असं डोकं व्हतं त्याचं."

निताच्या हातात उलथनं होतं. तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी ती उलटेना. तिला राग आला होता. दोन महिन्यांत पहिल्यांदा आत काहीतरी हललं, आणि ते दुःख नव्हतं, माया नव्हती, राग होता. नवरा मेला त्याचं काही वाटलं नाही आणि एका पासवर्डासाठी अंग तापलं, हे तिचं तिलाच भयंकर वाटलं. पण राग काही जाईना.

"ते म्या केलं, बापू."

"व्हय, तूच तर केलं. पन नाव—"

"न्हाई. तुमी ऐका."

तिनं तवा उतरवला आणि त्याच्याकडे तोंड करून बसली. इतक्या वर्षांत ती त्याच्यासमोर अशी कधी बसली नव्हती. पदर मागं सरकला होता, तो तिनं सावरला नाही. पहिल्या कॉम्प्युटरपासून तिनं सगळं सांगितलं. कुठली खिडकी ढिली होती, कुठं ती फसली, कुठं परत फिरली, काय लिहून ठेवलं होतं. हिरासिंगला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण त्यानं मध्ये तोडलं नाही. ती थांबली की तेवढं "मंग?" म्हणायचा. नीलाबाईच्या रडण्यापाशी आल्यावर ती अडखळली, पण तेही तिनं सांगितलं. आत्या त्यांच्या नावानं रडत होती आणि मी तिच्या गळ्यात गळा घालून पासवर्ड शोधत होते. मला त्यांची आठवणसुद्धा आली नाही. आता हा माणूस उठून जाणार, असं तिला वाटलं.

हिरासिंग उठला नाही. त्यानं विचारलं, "संतोषला जमलं असतं का हे?"

त्याला काय हवं होतं ते तिला कळत होतं. एक शब्द टाकायचा होता. तो टाकला असता तर म्हातारा जन्मभर निवांत झोपला असता, आणि तिचं त्यात काही जाणार नव्हतं.

"न्हाई, बापू," ती म्हणाली. "त्यायला न्हाई जमलं असतं. त्यायनं त्या दारावर दहा धडका मारल्या असत्या अन् पाचव्याकडं पळाले असते. तिसऱ्या खेपेलाबी नापासच झाले असते. मंग मागं वळून मला विचारलं असतं, मॅडम, काय लिहिलंय?"

मागं वळलेलं ते तोंड तिला दिसलं. तिनं यादीतलं तिसरं नाव सांगितलं असतं आणि दार उघडलं असतं, तर त्यानं काय धिंगाणा घातला असता! गल्लीत पळाला असता. माझ्या मॅडमनं काय केलं बघा, म्हणून पानवाल्याला हलवून हलवून सांगितलं असतं. चौथा कॉम्प्युटर कसा फोडला याची मजा अख्ख्या हिंगोलीत एकाच माणसाला कळली असती, आणि आता त्याला सांगता येणार नव्हतं. आज नाही, उद्या नाही, कधीच नाही. निता रडायला लागली. त्या रडण्याला सूर नव्हता, शब्द नव्हते. नाक वाहत होतं, उचक्या लागत होत्या, आणि पोटातून ओकारी यावी तसं ते येत राहिलं.

सुनेच्या पाठीवर हात ठेवायची त्यांच्यात रीत नाही. हिरासिंग पाण्याचा तांब्या घेऊन तिच्यापासून हातभर अंतरावर उभा राहिला, आणि ती शांत होईपर्यंत तसाच उभा राहिला.

"त्या कागदावर आता नाव लिव्हायचं हाय ना?" त्यानं विचारलं.

नितानं मान डोलावली.

"तुझं लिव्ह."

"तसं न्हाई चालत, बापू. खरं कळवलं तर हा निकालच जाईल. माझ्या नावानं पुन्हा पहिल्यापासून बसावं लागंल. अन् खोटं केलं म्हून बसू देतील का न्हाई, तेबी सांगता येत न्हाई."

"कळव."

"अन् डेपोत? पेढे वाटून आले तुमी."

हिरासिंगनं तांब्या तिच्यापुढं ठेवला आणि दाराकडे वळून चपला पायात घातल्या. शेवटच्या गाड्या यायच्या होत्या, भावसिंग अजून स्टँडवर असणार होता.

"आत्ताच सांगून येतो," तो म्हणाला. "पोरगं नापास झालं म्हनीन. आता सून बसनार हाय."